दुसऱ्याच्या कानाची मशीन

मी एक जुनी कानाची मशीन आहे, मित्रांनो. पुस्तकात मला श्रवणयंत्र म्हणतात, पण राजूरजवळच्या ज्या गावात मी राहते तिथं एवढं लांबलचक नाव घ्यायला कोणाला सवड नाही. माझा जीव भुईमुगाच्या शेंगेएवढा. रंग मातकट, पाठीवर आवाज कमी-जास्त करायचं एक बारीक चाक आणि कानात जाणारी एक नळी. मी सांडूआबांच्या उजव्या कानामागे बसते. माझी गोष्ट सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझी पहिली मालकीण नाशिकची एक निवृत्त शिक्षिका होती. बाईंना जाड आवाज व्यवस्थित ऐकू येत, पण बारीक आवाज हरवले होते. चिमण्या, कुकरची शिट्टी, नातवंडांचे बोबडे बोल त्यांच्यापर्यंत पोचत नसत. दोन माणसांचे चेहरे सारखे नसतात, तसे दोघांचे बहिरे कानही सारखे नसतात. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी मला कॉम्प्युटरला जोडून नीट शिकवलं, की बारीक आवाज वाढव आणि जाड आवाजांच्या वाटेला जाऊ नकोस. मी तो धडा मन लावून शिकले. पहिल्याच दिवशी बाईंनी खिडकीतली चिमणी ऐकली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं इतकं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

पुढे लेकीनं बाईंना नव्या तऱ्हेची मशीन घेऊन दिली आणि मी तिच्या बदल्यात दुकानात गेले. तिथून एका मोठ्या गोदामात. लोकांनी परत पाठवलेला, नाकारलेला, खोकं फाटलेला माल तिथं ढिगानं पडलेला असतो. एका मुलीनं मला पुसलं, नव्या डबीत घातलं आणि माझा फोटो काढला. खाली लिहिलं, 'थोडी वापरलेली, चालू स्थितीत, किंमत निम्म्याहून कमी.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता. फक्त मला शिकवलेला धडा पुसायचं कोणाला सुचलं नाही.

तो फोटो अंगदनं पाहिला. अंगद म्हणजे सांडूआबांचा मुलगा. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. आता थोडी शेती आणि चार शेळ्या उरल्या आहेत, आणि अंगद रोज मोटारसायकलवरून जुन्या जालन्यातल्या एका कापडाच्या ठोक दुकानात कामाला जातो. त्या दुकानात कटपीसचा मोठा धंदा. कुठं विणीत दोष, कुठं काठाला डाग, असं कापड निम्म्या भावात जातं आणि वर्षानुवर्षं टिकतं. अंगदला त्यातूनच खरेदीची नजर आली होती. मोबाईलवर परत आलेल्या मालाचं दुकान सापडल्यापासून तर त्याला हातात घबाड आल्यासारखं झालं होतं. घरातला मिक्सर तसलाच, पंखा तसलाच, त्याच्या बायकोच्या, शालूच्या चपलाही तसल्याच. सगळं छान चालत होतं. त्यानं संसार काटकसरीनं उभा केला होता, आणि त्याबद्दल मी त्याला कधीच नावं ठेवणार नाही.

आबांचे कान गेली काही वर्षं पार गेले होते. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून नव्या मशीनचा जो भाव सांगितला, तो ऐकून अंगद मुकाट्यानं घरी आला. आठ दिवसांत मी त्या घरी पोचले.

"आबा, ही बघा! डॉक्टरकडं आहे तीच कंपनी. निम्म्यात!" अंगदनं मला स्वतःच्या हातानं त्यांच्या कानात बसवलं.

शालू हळूच म्हणाली, "एकदा त्या मॅडमला दाखवून आणा ना. कानाची चीज हाय."

"मिक्सर घेतल्ता तव्हा कोन्या डॉक्टरला दाखवला व्हता?" अंगद हसला. मग समोर उभा राहून त्यानं मोठ्यानं विचारलं, "आबा, येऊन राह्यलं का ऐकू?"

मी माझा धडा प्रामाणिकपणे पार पाडला. शेजारच्या घरातल्या ताटल्या, चिमण्या, दाराची कडी, सगळं मी वाढवून त्या म्हाताऱ्या कानात ओतलं. पण आबांचं दुखणं नेमकं उलटं होतं. बारीक आवाज त्यांना सुईसारखे टोचत, आणि जाड आवाज तर त्यांच्यापर्यंत येतच नसत. अंगदचं बोलणं त्यांना कळलं नाही. त्यांना दिसला तो फक्त पोराचा फुललेला चेहरा. त्या चेहऱ्याला नाही म्हणणं त्यांच्यानं झालं नाही. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हौ. बराबर."

आबांचं चुकलं असं मला त्या दिवशीही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

सगळ्यांत जास्त आनंद झाला साखराबाईंना. साखराबाई म्हणजे आबांची बायको. आवाज पुरुषासारखा घोगरा आणि बोलायची हौस दांडगी. इतकी वर्षं त्या आबांच्या अगदी जवळ येऊन बसत, खांद्यावर हात ठेवत आणि कानाला तोंड लावून गावातल्या सगळ्या खबरा सांगत. कोणाची शेळी व्याली, कोणाची सून रुसली, काही सुटत नसे. आबा ऐकत आणि खुदुखुदु हसत. आता साखराबाई म्हणाल्या, "चला, माझं नरडं फोडायचं काम गेलं!" आणि त्या चुलीपाशी बसूनच बोलू लागल्या.

आबांना त्यातलं काहीच ऐकू येईना. ते नुसतं "हौ" म्हणत, "बराबर" म्हणत आणि भांड्यांचा आवाज सोसेना म्हणून हळूच माझं चाक अगदी खाली फिरवून ठेवत. बायको जवळ यायची बंद झाली, याचं त्यांना वाईट वाटत होतं. पण सांगायचं कसं? सांगितलं तर पोराचे पैसे पाण्यात गेले असं झालं असतं.

सुरुवातीला साखराबाई थट्टा करत. माझ्याकडं बोट दाखवून म्हणत, "कानामागून आली आन तिखट झाली! हिच्यापायी आता मह्याकडं ध्यानच न्हाई." पण हळूहळू थट्टा आटत गेली. शेळ्यांना पाला टाका म्हटलं तरी आबा जागचे हलत नसत. जेवायला या म्हटलं तरी लांब बघत बसत.

एक दिवस त्या शालूजवळ बोलल्या, "भैरा व्हता तव्हा बरा व्हता गं माणूस. तव्हा ऐकू येत न्हाई म्हनून सोडून देत व्हते. आता ऐकून न ऐकल्यावानी करून राह्यला. मह्या बोलण्याचा कंटाळा आला आसंल त्यांला."

मी आबांच्या कानामागे बसून ते ऐकत होते. दोन हातांवर बसलेली दोन जिवाभावाची माणसं एकमेकांना दुरावली होती, आणि खरं काय ते एकटी मी जाणत होते.

मग ती चतुर्थी आली. शालू राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेली होती आणि अंगद दुकानात होता. आबा ओट्यावर टकळीवर लोकर कातत बसले होते. घरामागच्या गोठ्यात साखराबाई शेळ्यांना चारा टाकत होत्या.

"अवं," त्यांची हाक आली. "इकडं या जरा."

आवाज नेहमीसारखा नव्हता. मी तो ऐकला. पण जाड आवाजाच्या वाटेला जायचं नाही, हाच तर माझा धडा होता, आणि माझं चाकही तळाला होतं. आबांच्या कानात काहीच गेलं नाही.

"अवं, छातीत लई दुखून राह्यलं. या वो."

आबा लोकरीतला काडीकचरा वेचत होते.

मित्रांनो, त्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव तोंडावर आणत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. साखराबाईंनी जन्मभर 'अवं' यापलीकडं काही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी गोठ्याच्या भिंतीला पाठ टेकून, होता नव्हता तेवढा जीव गोळा करून त्यांनी हाक मारली.

"सांडू! ओ सांडू!"

टकळी गरगर फिरत राहिली.

शालू प्रसाद घेऊन परतली तेव्हा तिला सासू गोठ्यात पडलेली दिसली. तिनं आरडाओरडा केला, शेजारचे बद्रीनाथ जीप घेऊन धावले आणि सगळे जालन्याच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखराबाई शुद्धीवर आल्या. अंगद आणि शालू उशाशी होते आणि आबा पायथ्याशी स्टुलावर. साखराबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "म्या लई हाका मारल्या रे अंगद. नाव घिऊन हाक मारली. मशीन कानात व्हती. तरी ते उठले न्हाईत."

मग त्यांनी आबांकडं बघितलं आणि विचारलं, "ऐकली व्हती ना तुमी मही हाक?"

आबांना दिसलं ते एवढंच, की आपली बायको आपल्याकडं बघून काहीतरी म्हणतेय. त्यांचा चेहरा उजळला. पुढे वाकून, डोळ्यांत पाणी आणून त्यांनी मान डोलावली.

"हौ," ते म्हणाले. "बराबर."

साखराबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यानंतर त्या कोणाशी बोलल्या नाहीत. दुपारी त्यांचा श्वास थांबला.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून नको वाटतं. अंगदनं बापाशी बोलणं टाकलं. शालू ताट पुढं सरकवून निघून जायची. आबांना वाटे, घरात दुःख आहे म्हणून सगळे गप्प आहेत. ते साखराबाईंच्या शेळ्यांपाशी जाऊन बसत.

तेरावं झालं, पाहुणे गेले आणि अंगदचा बांध फुटला. आबा गोठ्यात पाठमोरे उभे राहून शेळ्यांना पाला टाकत होते. मागून तो ओरडला, "का न्हाई उठले तुमी? नाव घिऊन बोलावलं तिनं! तुमच्यापायी मेली मही माय!"

आबा पाला टाकत राहिले. शेवटची डहाळी टाकून ते सहज वळले, तर समोर पोरगा. आबा किती दिवसांनी हसले.

"आल्ता व्हय तू?" ते म्हणाले. "च्या पेला का?"

बापाला एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं, हे अंगदला तेव्हा कळलं. मग पुढं येऊन त्यानं मला आबांच्या कानातून काढलं, माझं चाक वर केलं, मला स्वतःच्या कानात घातलं आणि दुसरा कान बोटानं घट्ट दाबून धरला. माझ्यातून त्याला घरातल्या ताटल्यांचा खणखणाट कानठळ्या बसण्याइतका आला. एवढ्याशा चिमण्यांचा कालवा आला. समोर त्याचा बाप काहीतरी म्हणत होता, त्याचे ओठ हलत होते, आणि त्यातलं धड काही पोचत नव्हतं. 

दुसऱ्याच दिवशी तो आबांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेला. बाईंनी मला तारेनं कॉम्प्युटरला जोडलं आणि बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या.

"ही दुसऱ्याच्या कानासाठी बसवलेली आहे," त्या म्हणाल्या. "जुनी घेतलीत यात काही वावगं नाही. मशीन चांगली आहे. पण घेतल्या घेतल्या इथं आणायची होती. यांच्या कानाला जुळवून दिली असती. तासाभराचं काम आहे."

तासाभराचं काम! अंगदनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बाईंनी माझा जुना धडा पुसला आणि आबांचा कान मला नव्यानं शिकवला. मग मला त्यांच्या कानात बसवलं. आबा दचकले. इकडंतिकडं बघू लागले. इतक्या वर्षांनी त्यांना पहिलं काही धड ऐकू आलं, तर ते पोराचं रडणं.

"अरे, रडून का राह्यला?" त्यांनी विचारलं.  मग ते अंगदच्या जवळ सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मला एक सांग बाबा. दवाखान्यात तुही माय मह्याकडं बघून काय म्हनली व्हती? मला तव्हा कळलं न्हाई. म्या नुस्तीच मान हलवली."

अंगदनं डोळे पुसले.  मग म्हणाला, "म्हनली, तुमी जपून ऱ्हा. शेळ्यांकडं ध्यान द्या. आन ज्वारीची भाकर रोज खात जा."

ते खोटं होतं. मी आजवर जेवढे आवाज वाहून नेले, त्यांत हा सगळ्यांत जपून नेला. एक अक्षरही मी सांडू दिलं नाही.

"आसं म्हनली व्हय," आबा म्हणाले. "मंग बरं झालं, म्या हौ म्हनलो."

आजही कधी दुपारी काम नसलं की आबा अंगदला विचारतात, "काय म्हनली व्हती रे तुही माय?" त्यांना सगळं पाठ आहे. पुन्हा एकदा ऐकावंसं वाटतं म्हणून विचारतात. आणि अंगद दर वेळी सांगतो, एक शब्द इकडचा तिकडं न करता.

मित्रांनो, स्वस्तातल्या वस्तू खुशाल घ्या. वापरलेल्या वस्तूला हिणवू नका. आमच्यात पुष्कळ दम उरलेला असतो. पण जी वस्तू माणसाच्या डोळ्यांना, कानांना, दातांना लावायची, ती त्याच माणसाला जुळवून घ्या. आणि तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस तुमच्याकडं बघून मान डोलावत असेल, तर तेवढ्यावर खूश होऊन निघून जाऊ नका. जवळ जाऊन बसा, आणि पुन्हा एकदा विचारा. मी त्या घरातली प्रत्येक हाक ऐकली होती, पण मला तोंड नव्हतं.