मऊ पडलेला हात

विठाबाई कासारणीने सुलक्षणाचा हात मांडीवर ओढून घेतला, अंगठ्याच्या बुडाशी दाबला आणि त्या थांबल्या. पुन्हा एकदा दाबून पाहिला. न्हावरे गावातल्या सुलक्षणाच्या माहेरी ओसरीवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. सतरंजीवर हिरव्या बांगड्या मांडलेल्या होत्या. नवरीच्या चुड्याआधी आत्याचा हात भरायचा ही या घरची रीत, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्या एका हाताकडे होतं.

सुलक्षणा गेले आठ महिने याच क्षणाची वाट पाहत होती. बावीस वर्षांपूर्वी याच विठाबाईंनी साबण लावलावून तिच्या जाड हातात लग्नाचा चुडा भरला होता. तेव्हापासून कुणाचंही लग्न असो, तिची पाळी आली की कोणीतरी म्हणायचंच, आता डझनभर जास्तीच्या काढून ठेवा. तीही सगळ्यांबरोबर हसायची. आपणच हसलो की लोकांचं हसणं कमी होतं असं तिला वाटायचं, पण तसं काही होत नसे. आज शिरूरहून येताना एसटीत तिने मनाशी घोकून ठेवलं होतं, दोन-दहाच्या मापाच्या नकोत, दोन-सहाच्या द्या. आणि तिने तसं म्हटलंही, जरा मोठ्यानेच.

बांगड्या सरसर चढल्या. माया, तिची भावजय आणि नवरीची आई, कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटली, ताईंनी चौदा किलो उतरवलं म्हणून. विठाबाई मात्र खाली वाकून हळूच म्हणाल्या,

"हात लई मऊ पडला तुझा. आधी कसा घट्ट हुता. आजारी हायेस का?"

"न्हाई ओ मावशी. चालते रोज. आन् सकाळचं कोमट पाणी घेते."

विठाबाईंनी तिचा हात हळूच खाली ठेवला. चाळीस वर्षं त्यांनी बाळंतिणीचे, दुखणाईत बायांचे, खुरपणीला जाणाऱ्यांचे हात दाबले होते. माणूस काहीही सांगो, हात त्यांना वेगळं काही सांगत असे.

सुलक्षणाने कोपराची बाही अजून खाली ओढली. ऐन मे महिन्यात एवढ्या लांब बाह्या तिने मुद्दाम शिवून घेतल्या होत्या. जाड होती तेव्हा दंड घट्ट मळलेल्या कणकेसारखा टणक होता. आता पाणी जास्त झालेल्या कणकेसारखा बोटाला लागे, आणि हात उचलला की मागे राहून डुलत राही. पोटाचंही तेच. न्हाणीत जाताना ती दिवा लावत नसे. आणि खरं सांगायचं तर हे वजन चालून उतरलंच नव्हतं. दर रविवारी ती पोटात एक सुई टोचून घेत होती, पुण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. नवऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. सुया घेऊन बारीक झाली, म्हणतील. जाडेपणाची लाज गेली आणि तिच्या जागी ही दुसरी येऊन बसली होती.

"आता नवरीला बसवा," माया म्हणाली.

प्रांजल पुढे येऊन बसली. पहिली बांगडी निम्म्यावर गेली आणि कट्‌कन आवाज झाला. "वाढली, वाढली," कोणीतरी घाईने म्हणालं, कारण चुड्याच्या बांगडीला फुटली म्हणायचं नसतं. दुसरीही वाढली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मायाचा चेहरा उतरला. पोरगी आत्यावर गेलीय, असं मागून कोणीतरी म्हणालं आणि दोघीतिघी हसल्या.

"हाताला कशाला नावं ठेवता," विठाबाई म्हणाल्या. "थरथरतोय त्यो. थरथरत्या हातात काच बसत न्हाई. पोरी, काय खाल्लंस सकाळपास्नं?"

प्रांजलने मान खाली घातली.

"कोमट पाणी."

मग ती सुलक्षणाकडे वळली. दोन महिन्यांपूर्वी तिने फोन करून विचारलं होतं, आत्या, मला तरी खरं सांग, काय केलंस? आणि सुलक्षणाने सांगितलं होतं, सकाळी कोमट पाणी, दुपारी अर्धी भाकरी, रात्रीचं जेवण बंद.

"मी सगळं तू सांगितलं तसंच केलं आत्या," प्रांजल हळू आवाजात म्हणाली. "कुठं चुकलं तेच कळंना."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती खरंच स्वतःची चूक शोधत होती. सुलक्षणाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. विठाबाई मान वर न करता काचा वेचत होत्या. सुलक्षणाला अजूनही गप्प बसता आलं असतं. दुसरी बांगड्यांची पेटी मागवली असती, साबण लावला असता, कसाबसा चुडा भरला असता.

ती उठली आणि प्रांजलशेजारी येऊन बसली. बाही तिने थेट खांद्यापर्यंत वर सारली. दंड सगळ्या ओसरीसमोर लोंबला.

"खोटं बोलले मी तुझ्याशी. इंजेक्शनं घेते मी, डॉक्टरची. पाण्यानं काय हुत न्हाई." तिने प्रांजलचा थंड हात घेऊन आपल्या दंडावर ठेवला. "आन् हे बघ, हे असं झालंय."

प्रांजलने बोटांनी तो दंड चाचपला, जरा दाबून पाहिला. मग तिने दोन्ही हातांनी आत्याची बाही कोपराच्या खाली ओढली आणि तिची दुमडलेली कड सरळ केली.

"आई," ती म्हणाली, "जेवायला वाढ मला. लई भूक लागलीय."

माया आत पळाली.

"पोटभर जेवू द्या तिला," विठाबाई म्हणाल्या. "चुडा काय, मागनं भरू."

त्यांनी बांगड्या उचलून बाजूला ठेवल्या, सतरंजीवरून हात फिरवून राहिलेल्या काचा पाहिल्या आणि ताटापुरती जागा केली. सुलक्षणाकडे एकदा पाहिलं आणि शेजारी अजून एका ताटाची केली.