पाचातली एक फट

आत्या आमच्याकडे आठ दिवस राहून बघणार होती. जमलं तर कायमची, नाहीतर वृद्धाश्रमात. तिथली एक खोली तिच्यासाठी रविवारी दुपारी बारापर्यंत राखून ठेवली होती. "ताई तिकडे जाणार नाही," एवढंच बाबा म्हणाले आणि खाली जमिनीकडे बघत राहिले.

जमीन लाकडी. आत्याला द्यायच्या खोलीत एकतीस फळ्या, मधे तीस फटी. शिवाय चार भोकं, लाकडातल्या गाठी निखळून पडलेली. मागच्या खेपेला त्यातल्याच एकात तिच्या वॉकरचं चाक रुतलं होतं आणि ती पडता पडता वाचली होती.

दुरुस्ती माझ्याकडे आली, कारण माझं एम.एस्सी. संपलं होतं आणि नोकरी लागायची होती. मी आधी खिडक्या बंद करून सहा दिवस हीटर चालू ठेवला. ओल्या वस्तूचं माप घेऊ नये, हे प्रयोगशाळेत अंगवळणी पडलं होतं. मग प्रत्येक फट तीन ठिकाणी मोजून वहीत तक्ता केला. सरासरी तीन मिलिमीटर, सर्वांत रुंद सहा.

शेजारचे सुतारकाका दारातून डोकावले.

"भोकांत गोल खुंट्या ठोक. फटींत लाकडाच्या चिपा घाल. पण पाचातली एक फट मोकळी सोड."

"का?"

"आमचे उस्ताद सोडायचे."

"पण कारण काय?"

"कारण विचारलं असतं तर कानाखाली बसली असती."

मला हे पुरेसं वाटलं नाही. मी भोकांत खुंट्या ठोकल्या, तीसच्या तीस फटींत गोंद लावून चिपा बसवल्या आणि वरून रंधा मारला. नखाला कुठेच कड लागत नव्हती. बाबा अनवाणी दोन फेऱ्या मारून म्हणाले, "काचेसारखी झालीय गं."

आत्या सोमवारी आली आणि तासाभरात तिनं हीटर बंद करायला लावला. "घसा कोरडा पडलाय. मला काय वाळत घालायला आणलंय?" खिडकीही उघडली. बाहेर त्या दिवसापासून धुकं होतं, तीन दिवस हटलं नाही.

गुरुवारी सकाळी पलंग आणि दार यांच्यामध्ये जमीन वर आली होती. दोन फळ्यांच्या कडा एकमेकींना रेटून उचलल्या गेल्या होत्या. उंची चौदा मिलिमीटर. वॉकरचं चाक तिथे जाऊन थांबलं. आत्या मागे फिरून पलंगावर बसली.

"धाकट्या, तुझ्या जमिनीला मी काही पसंत पडले नाही."

बाबा हसले नाहीत. त्यांनी सुतारकाकांना बोलावून आणलं. काकांनी टाचेनं उंचवटा दाबून बघितला.

"किती फटी सोडल्यास?"

"एकही नाही."

"मोजल्यास मात्र सगळ्या."

कारण मला तेव्हा सुचलं, आणि ते मला आधीपासून माहीत होतं. लाकूड हवेतली ओल घेऊन रुंदीत फुगतं. फळीमागे एक मिलिमीटर धरला तरी एकतीस फळ्यांचे तीन सेंटीमीटर होतात. सरकायला जागा नसेल तर लाकूड वर जातं. परीक्षेत विचारलं असतं तर मी आकृतीसकट लिहिलं असतं. हीटर लावून मी फटी जास्तीत जास्त रुंद केल्या होत्या आणि त्याच मापाच्या चिपा ठोकल्या होत्या.

दर पाचवी फट आम्ही करवतीनं पुन्हा उघडली. एकूण सहा. कोपऱ्यातले तुकडे आत्या खुर्चीत बसून क्रोशाच्या सुईनं उकरत होती.

"शास्त्रज्ञीणबाई, काम फार पक्कं केलंयस हो. निघता निघत नाही."

उघडलेल्या फटींत काकांनी मेणात भिजवलेली सुतळी सैलसर दाबली. लाकूड फुगलं की ती दबते, सुकलं की पुन्हा फुलते. "आता बसेल खाली. पण सावकाश," ते म्हणाले.

शुक्रवारी उंचवटा अकरा मिलिमीटर होता, शनिवारी आठ, रविवारी सकाळी सहा. मी रिकामा वॉकर दहादा ढकलून पाहिला. चाक चारदा अडलं, सहादा गेलं. बाबांना आकडा सांगितला. ते फोनच्या टेबलाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

पावणेबाराला आत्या उठली. चाक उंचवट्याला टेकलं आणि अडलं. तिनं वॉकर उचलला, पलीकडे ठेवला आणि मागून स्वतः पाय टाकला. मग फोनपर्यंत गेली.

"मी बोलतेय, त्या राखून ठेवलेल्या खोलीचं. अजून आठ दिवस थांबाल का?" पलीकडचं ऐकून घेतलं. "नाही का? बरं. मग द्या दुसऱ्या कुणाला."

फोन ठेवून ती बाबांकडे वळली. "पण खिडकी उघडी राहील. आणि तो हीटर माझ्या खोलीत नको."

"ऐकलंस ना?" बाबा मला म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

मी वहीत रविवारच्या सहा मिलिमीटरपुढे लिहिलं : खिडकी उघडी.