लाजणारं तळं

"आलं! गुलाबी आलं!" कुणीतरी किंचाळलं आणि कुलबा गावचा अख्खा हॉल गुडघ्यांवर आला.

भिंतीवर आमच्याच तळ्याचं जुनं चित्र होतं. काठाला निलगिरीची झाडं, एक होडी, निवांत निळं पाणी. खरं तळं दुष्काळात केव्हाच आटलंय. ब्रदर ऑर्विल नावाच्या उपटसुंभाने हे चित्र फुकट साफ करून दिलं आणि तेव्हापासून दर रविवारी त्यातलं पाणी लाजू लागलं.

"तुमच्या रक्तातलं विष ओढून घेतंय तळं!" ऑर्विल डोळे मिटून घुमला. "सुया फेका! श्रद्धा टोचून घ्या!"

माझी शेजारीण ग्लेनिस पॅस्को मधुमेहाची. तिने खरोखरच इन्सुलिन फेकून दिलं. पायाचं बोट काळं पडू लागलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. तिला सांगून सांगून माझा घसा बसला.

"थेल्मा, तुझ्या पुस्तकात नसतं गं सगळं," ती म्हणायची.

शेवटी मी चित्राकडे बघणं सोडून चहाकडे बघू लागले. चहा आणि लॅमिंग्टन केकशिवाय आमच्याकडे सभा भरत नाही, मयताचा कार्यक्रमही होत नाही. ऑर्विल आल्यापासून चहाच्या पाण्याचं मोठं भांडं बरोबर चित्राखाली उकळत असायचं. पुढच्या रविवारी मी लवकर जाऊन ते व्हरांड्यात ठेवलं.

प्रार्थना झाली, रडणं झालं. तळं निळंच. बाहेर कोरडं ऊन भाजत होतं, तरी ऑर्विलला घाम फुटला तो उन्हाने नव्हे.

"इथे कुणीतरी पापी आहे!" तो ओरडला. "आणि तो चहा कुठाय? आधी चहा आत आणा!"

"का हो, देवाला तलफ आली?" मी विचारलं.

मी थर्मासमधला वाफाळता चहा कपात ओतून चित्राच्या एका कोपऱ्याखाली धरला. हळूहळू तेवढाच कोपरा गुलाबी झाला. मग घरून आणलेलं केस वाळवायचं यंत्र फिरवलं, पुन्हा निळा.

"कोबाल्टचा क्षार," मी म्हटलं. "कोरडा असला की निळा, ओलसर झाला की गुलाबी. साफ करायच्या नावाखाली याने पाण्यावर फासलाय. माझी सातवीची पोरं करतात हे."

ऑर्विल "सैतान, सैतान" करत दाराबाहेर सटकला. कुणी अडवलं नाही. सगळ्यांना स्वतःचीच लाज वाटत होती, आणि वाटायलाच हवी होती.

ग्लेनिस लंगडत चित्रापाशी गेली. होडीजवळच्या पाण्यावर तिने तोंडाची वाफ सोडली, पुन्हा पुन्हा. पाणी गुलाबी झालं.

"माझ्या फुंकरीलाही लाजतंय मेलं," ती म्हणाली. "थेल्मा, गाडी काढ. दवाखान्यात चल."

बोट गेलं, पाय वाचला. चमत्कारापुढे गुडघे टेकायचेच असतील तर टेका, बाबांनो. पण आधी खाली काय उकळतंय ते बघा.