दुधाची गाठ

सोजराबाईंनी एरंडाचं पान तव्यावर शेकलं, सुनेच्या डाव्या छातीवर ठेवलं आणि वरून लाकडी फणी फिरवायला घेतली. धामणगावात दूध साकळलं की असंच करतात. कोकिळेनं ओठ दाबून धरले. दहा महिन्यांची पोर डावीकडे तोंडच लावेना, म्हणजे दूधच साकळलं, अशी साऱ्या गावाची खात्री होती. गावाला खात्री फार लवकर होते.

पानं बदलली, फणी झिजली, गाठ हलेना. शेवटी सोजराबाई तिला बुलढाण्याला घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ चाचपून पाहिलं.

"दुधानं छाती इतकी घट्ट झालीय की आत काय आहे ते हाताला कळत नाही. पाजणं बंद करा. दूध आटलं की पुन्हा दाखवा. गाठ राहिली, तर मग ती दुधाची नव्हे."

कोकिळा ऐकेना. थोरल्याला अंगावरून तोडलं, त्याच उन्हाळ्यात तो हगवणीनं गेला होता.

"मी नाही तोडत, आत्याबाई. हे पोट्टीबी जाईन."

"अन् तू गेली तं?"

सोजराबाईंनीच कडुनिंबाचा पाला वाटून तिच्या छातीला लावला. कडू लागलं की पोर घर डोक्यावर घेई. कोकिळा भिंतीकडे तोंड करून बसे आणि रडे. सोजराबाई बोंडल्यानं शेळीचं दूध पाजत. सुरुवातीला पोर ते थुंकून टाकी. मग हळूहळू पिऊ लागली. हगवण लागली नाही. त्या घरात तेवढंच एक बरं झालं.

दूध आटलं, छाती सैल पडली. सोजराबाईंनी पुन्हा फणी घेतली. उजवीकडे ती सरळ खाली उतरली. डावीकडे एका जागी अडली. त्यांनी परत फिरवली, तर परत तिथंच.

"गेली का वो गाठ?"

सोजराबाईंनी फणी पदराला पुसली.

"सकायी मोटरनं बुलढाण्याले जाऊ."

मग त्यांनी पोरीला उचलून मांडीवर घेतलं.

"आजपासून पोट्टी माह्यापाशी निजंन."

"काऊन? आता तं पेतबी नाही थे."

"माही सवय होऊ दे तिले."

कोकिळा उठली. तिनं पोरीची गोधडी सासूच्या अंथरुणाशेजारी टाकली, आणि धुतलेलं बोंडलं तिच्या उशाशी ठेवलं.