थॅक्रेसाहेबांची शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, मित्रांनो, आणि माझ्या आवाजाचा मला मुळीच अभिमान नाही. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात माझा पत्रा वळवला, तेव्हा वाटलं होतं, एखाद्या पोलिसाच्या हाती पडेन. पण पहिलं महायुद्ध पेटलं आणि यॉर्कशरच्या खाणकामगारांची तुकडी घेऊन निघालेल्या कॅप्टन एडविन थॅक्रेच्या गळ्यात मी पडले.

फ्रान्सच्या चिखलात एका सकाळी त्याने मला ओठांत धरलं. समोरच्या मशीनगनी शाबूत आहेत, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तसं वर कळवलंही होतं. हुकूम तो हुकूम, असं उत्तर आलं. त्याने फुंकर मारली, पोरं खंदकाच्या शिड्या चढली आणि गवतासारखी कापली गेली. तोही त्यांच्या पुढे धावला, खांद्यात गोळी घेऊन परतला. राजाने त्याला शौर्यपदक दिलं.

पदक लावून तो गावी गेला आणि सर्वांत आधी अ‍ॅग्नेस होलरॉइडचं दार वाजवलं. ही त्याच्या घरची धोबीण. तिने त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलं होतं. तिचे थोरले दोघे मुलगे, एमस आणि जॉस, त्या शिड्या चढले ते परतलेच नव्हते. तिच्या कडेवर धाकटा वॉल्टर होता.

"ती शिट्टी इथे वाजव, एडविन," ती म्हणाली. "बघू, माझी किती पोरं बाहेर येतात."

तो पायरीवरूनच मागे फिरला. पुढे वर्षानुवर्षं तो गुत्त्यात शिरला की लोक पेले उचलून दुसऱ्या बाकावर जात. मी खणात काळवंडत पडले.

दुसऱ्या युद्धात तो कर्नल झाला आणि मी पुन्हा त्याच्या गळ्यात आले. त्याच पलटणीत वॉल्टरही होता. तो सलाम ठोकायचा, पण साहेबाच्या तोंडाकडे कधी बघायचा नाही. माघारीच्या धामधुमीत एका कालव्यापाशी हुकूम आला, की भरदिवसा पूल ओलांडून हल्ला करा. पलीकडे शत्रूचे रणगाडे उभे होते. थॅक्रेने मला ओठांत धरलं. त्याचे दात माझ्यावर वाजत होते. मग मला काढून त्याने फोन उचलला.

"ब्रिगेडियरसाहेब, तुम्ही इथे या. पहिलं पाऊल तुम्ही टाका, शिट्टी मी वाजवतो."

ब्रिगेडियर शिव्या घालत राहिला, पण आला नाही. अंधार पडल्यावर थॅक्रेने पलटण मागे काढली. त्याबद्दल त्याची पलटण काढून घेतली गेली आणि त्याला कोठारात बूट-कांबळी वाटायला बसवलं. तो निघताना वॉल्टरने एवढंच सुनावलं, "माझ्याकडून आभाराची वाट बघू नका."

युद्ध संपल्यावर थॅक्रे पुन्हा त्या दारात उभा राहिला. अ‍ॅग्नेस आता पांढरी झाली होती. आत वॉल्टर जेवत बसला होता.

"एक आणलास," ती म्हणाली. "दोन राहिले." आणि तिने दार लावून घेतलं.

थॅक्रे कधीच वारला. आता मी पलटणीच्या संग्रहालयात, काचेखाली, त्याच्या पदकाशेजारी पडून आहे. मला घासूनपुसून लखलखीत ठेवतात. त्याची मला गरज नाही, मित्रांनो. जपायचंच असेल, तर ज्यांना पुढे धाडायचं असतं, त्या माणसांना जपा. आणि उद्या कुणी तुमच्या हाती शिट्टी दिलीच, तर फुंकण्याआधी त्यांच्या तोंडांकडे एकदा नीट बघा.