साडेतीनचा सूर्यास्त

स्कॉटलंडात डिसेंबरचा सूर्य दुपारी साडेतीनला मावळतो. हे आधी कोणी सांगितलं असतं, तर श्रेणिकला होकार देताना मी चार अटी घातल्या असत्या.

आमच्या जैन घरात चौविहार. सूर्य बुडाल्यावर अन्न नाही, पाणीही नाही. सासरी, रनाळ्यात ते सोपं आहे. स्कॉटलंडात मला ऑफिसात तीनला जेवावं लागायचं. हिंगाच्या वासाची तक्रार झाली. तोंडावर कोणी बोललं नाही, मायक्रोवेव्हवर गोड भाषेतली चिठ्ठी लागली. मग मी जिन्यात बसून गार पोळी खाऊ लागले. त्यात साहेबांनी रोजची बैठक तीनलाच लावली. वेळ बदला म्हटलं तर विचारतात, हा काही आजार आहे का? आजार असता तर सवलत होती म्हणे. बैठक लांबली की पाण्याचा घोट थेट दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर, पावणेनऊला. दोन हिवाळे डोकं ठणकत राहिलं.

आणि श्रेणिक? रात्री अकराला पिझ्झा. वर मलाच ऐकवायचा, "माझं चालतं. पण सुनेने नेम मोडला तर आई आपल्या घरचं पाणी पिणार नाही." सासूबाईंना फोनवर विचारायची माझी हिंमत झाली नाही. मूर्खच मी.

काल आम्ही रनाळ्याला आलो. आज दुपारी श्रेणिक धानोऱ्याला मित्राकडे गेला. संध्याकाळी शेजारच्या सुगंधाबाई येऊन बसल्या आणि सासूबाईंनी लेकाचं कौतुक सुरू केलं. घरच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्यांची घरातही अहिराणीच चालते.

"मन्हा श्रेणिकनी तठे बी नेम मोडा नही."

माझं डोकं फिरलं. "आणि मी? सतरा सतरा तास कोरडी राहिले, तुमच्या शब्दापायी."

"मन्हा शबद?" सासूबाई बघतच राहिल्या. "मी ते त्याले पहिलाच वरीसले सांगं, तठला दिवस आपला नही. सुनले भूक लागनी ते जेवू दे. त्यानी तुले सांगं नही?"

नाही सांगितलं. समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र आमच्या दोघांचा फोटो टाकला होता, 'परदेशातही चौविहार'. दीडशे लोकांनी हात जोडले होते. त्या फोटोत मी उपाशी होते. त्या दोघी बोलत असताना दिवस कधी बुडाला ते मला कळलंही नाही. मी जेवलेच नव्हते.

तेवढ्यात श्रेणिक आला. चपला काढता काढता सवयीने म्हणाला, "आई, वाढ पटकन." मग त्याला सुगंधाबाई दिसल्या.

सासूबाई उठल्या. त्यांनी गॅस पेटवला, खिचडी गरम केली, वर तूप घातलं. त्या घरात दिवस बुडाल्यावर गॅस पेटलेला मी प्रथमच पाहिला. ताट माझ्यापुढे आलं. श्रेणिक बाजूला येऊन बसला.

"तू नही," सासूबाई म्हणाल्या. "तुन्हा ते नेम शे."

मी जेवले. सावकाश, त्याच्याकडे बघत, दोनदा मागून घेतलं.