भिमाजी मिस्त्रीचा कान

नाशकात द्वारका चौकात भिमाजी मिस्त्रीच्या कानाला मान होता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि घोडं कुठं पेंड खातंय ते सांगून मोकळं व्हायचं. तीस वर्षं हेच. म्हणूनच चांदवडचा खंडेराव आपली नवी डिझेल व्हॅन दुसऱ्या कुणाच्या दारात लावत नसे.

पण दिवाळीपासून ती व्हॅन उभ्या उभ्या हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची, मधेच बंद पडायची. भिमाजीने कान लावला, तीन नंबरचा इंजेक्टर बदलला. दोन दिवस ठीक, पुन्हा तेच. फिल्टर बदलला. पुन्हा तेच. आणि गाडी काही कांदे वाहणारी नव्हती हो. खंडेरावची बायको सुमनबाई तिच्यातून आठवड्याला दोनदा नाशकात डायलिसिसला यायची. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या.

आज येताना वाटेत वडाळीभोईजवळ व्हॅन दीड तास बंद पडली. सुमनबाई दवाखान्यात पोचली तेव्हा मशीन चाराऐवजी दोनच तास मिळणार होतं. तिला तिथे सोडून खंडेराव गॅरेजवर आला.

"मिस्त्री, पुढच्या खेपेला गाडी अशीच पडली तर सुमन रस्त्यातच जायची. खरं सांगा, कळतंय का तुम्हाला?"

भिमाजीला तोंडात मारल्यासारखं झालं. तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी त्याला काही कळलं नव्हतं. पण 'मला कळत नाय' हे शब्द जिभेवर येतील तर शपथ! नाशकातच अंबडला त्याचा मेहुणा दिनेश कॉम्प्युटर लावून गाड्या तपासायचा. भर लग्नात भिमाजी त्याला 'टीव्ही लावणारा डॉक्टर' म्हणाला होता. आज त्यालाच फोन करताना भिमाजीचे कान गरम झाले.

दिनेश आला. लग्नातलं बोलणं काढलं नाही, कॉम्प्युटरची वायर जोडली, पडद्याकडे बघत राहिला. "इंजेक्टर चांगलेच होते, दाजी. इंजिन कसं फिरतंय ते सांगणारा क्रँकचा सेन्सर असतो, त्याचा सिग्नल तुटतोय. तुमचा हात लागला की वायर हलायची, म्हणून दोन दिवस बरं चालायचं."

त्याने सेन्सरचा कनेक्टर उघडला. आत हिरवा गंज चढला होता आणि झेंडूची एक पाकळी चिकटली होती.

"इंजिनावर पाणी कुणी मारलं?"

दर दसऱ्याला भिमाजी आपल्या गिऱ्हाइकांची इंजिनं पंपाच्या पाण्याने फुकट धुऊन द्यायचा, वर हार घालायचा. लय अभिमान त्याचा.

"घरी कुणीतरी मारलं असंल," खंडेराव खाली बघत म्हणाला.

भिमाजीला ते सहन होईना. "नाय. मी मारलं."

खंडेरावने फोन काढला आणि सुमनबाईला रिक्षाने गॅरेजवर यायला सांगितलं. त्याने शिव्या घातल्या असत्या तरी भिमाजीला बरं वाटलं असतं.

दिनेशने नवा सेन्सर बसवला, कनेक्टर बदलला. इंजिन एका लयीत चालू लागलं. सुमनबाई रिक्षातून उतरली, सुजलेले पाय ओढत व्हॅनमध्ये बसली. झालेलं सगळं खंडेरावने तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिने काच खाली केली.

"भाऊ, पुढच्या दसऱ्याला नुसता हार घाला. पाणी नको."

भिमाजीने तिच्या पायांकडे पाहिलं. मग जाऊन त्याने पंपाची नळी गुंडाळून ठेवली.